दात्यांचे गणित

‘शक्ती असेल तर वेग येतोच’ हे संकेतार्थी वाक्य मी परवा मोठ्या थाटात फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हे खोटं आहे!” बोलणारा मुलगा इंजिन-ड्रायव्हरचा. वर्षभर तो क्वचितच बोलला असेल.

तास संपल्यावर त्याने माझीच शिकवणी घेतली. मालगाडीचे ‘डब्ल्यूएजी-९’ आणि प्रवासी गाडीचे ‘डब्ल्यूएपी-७’ ही इंजिने एकाच घराण्यातली. दोघांची शक्ती सहा हजार अश्वशक्तीच्या वर. फरक आहे तो गिअरच्या दात्यांत. पहिल्याच्या मोटरवरील चक्राला १५ दाते, आसावरील चक्राला ७७. दुसऱ्याला २० आणि ७२. म्हणजे आस एकदा फिरायला पहिल्याची मोटर ५.१३ फेरे घेते, दुसऱ्याची ३.६. त्यामुळे पहिल्याची सुरुवातीची ओढ ४६० किलोन्यूटन, पण मूळ वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर; दुसऱ्याची ओढ ३२३, पण मजल १४० पर्यंत.

“मग अश्वशक्तीचे काम काय?” मी विचारले.

“ओढ गुणिले वेग म्हणजे शक्ती, सर. वेग वाढला की ओढ घटते. भरवेगात गाडीला आणखी पळवायचे, तर दाते पुरत नाहीत. तिथे अश्वशक्तीच लागते.”

घरी येऊन मी गुणांची वही काढली. त्याच्या नावापुढे ‘मंद’ असा माझाच शेरा होता. दाते मालगाडीचे, आणि मी वेळापत्रक लावले होते एक्स्प्रेसचे! शेरा खोडला. फळ्यावरचे वाक्य उद्या पुसायचे आहे.