उडी मारायलाही शिकवावे लागते

मुलाला अक्षर शिकवावे लागते, हे कुणालाही पटवून द्यावे लागत नाही. पण उडी मारायला, चेंडू झेलायला, एका पायावर तोल सावरायलाही शिकवावे लागते असे म्हटले की लोक हसतात. आमच्या वर्गातही हसले. "त्यात शिकवायचे काय? पोर आपोआप पळते!" हा त्यांचा युक्तिवाद. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. मला तो मुळीच मान्य नाही, आणि का नाही हे सांगण्यासाठीच वार्षिकाची ही पाने मी संपादकांकडून मागून घेतली आहेत.

माझी आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बरेच दिवस तिच्याबरोबर जाऊन बसत होते. तिथे पाच वर्षांचा एक धट्टाकट्टा मुलगा होता. चेंडू फेकताना त्याचा उजवा हात आणि उजवाच पाय पुढे यायचा, अंग वळायचेच नाही, आणि चेंडू दोन हातांवर पडायचा. सेविकाताई म्हणायच्या, "अरे, जोरात फेक!" तो बिचारा आणखी जोर लावी आणि चेंडू आणखी अलीकडे पडे. मी महाविद्यालयाकडून भालाफेकीत उतरते, म्हणून माझे लक्ष त्याच्या पायाकडे गेले. खडूने जमिनीवर एक डावे पाऊल काढले आणि म्हटले, "ह्याच्यावर पाय टाक आणि मग फेक." चार-पाच दिवसांत चेंडू समोरच्या भिंतीला लागू लागला. मुलगा तोच, ताकद तीच. कुणीतरी पाय कुठे ठेवायचा ते सांगितले, एवढाच फरक.

पळणे आपोआप येते, हे खरे. पण लंगडी दोन्ही पायांवर घालता येणे, उडीनंतर गुडघे वाकवून अलगद टेकणे, येणाऱ्या चेंडूवर नजर ठेवून तो छातीशी न कवटाळता हातात घेणे, ह्या गोष्टी सरावाने आणि दाखवण्याने येतात. त्यांना क्रम आहे. आधी दोन पायांवर उडी, मग एका पायावर, मग पाय बदलत नाचत जाणे. आधी मोठा मऊ चेंडू, मग लहान. हा क्रम जिला ठाऊक आहे ती बाई मुलाला पुढच्या पायरीवर नेते. जिला ठाऊक नाही ती "खेळा रे!" म्हणून मोकळे सोडते. मग जी मुले मुळातच धीट असतात ती खेळतात आणि बाकीची भिंतीला टेकून बघत राहतात. भिंतीला टेकणाऱ्यांत मुली अधिक असतात, आणि त्यांतल्या काहींच्या कडेवर धाकटे भावंड असते. आपोआप येते म्हणणाऱ्यांनी ही भिंत एकदा येऊन पाहावी.

कागदावर सारे आहे, हे मी मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी निदान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यांतली ६० मिनिटे तरी चांगली दमछाक करणारी असावी. आपल्या देशाच्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात (२०२२) शारीरिक विकासाला पहिले स्थान आहे. मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा सेविकांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम केंद्र सरकारने सुरू केला. तेव्हा उणीव धोरणाची नाही. धोरणापासून अंगणवाडीच्या उंबऱ्यापर्यंत जी वाट आहे, तिथे गाडी अडते.

आईच्या आणि तिच्या सोबतिणींच्या तोंडून मी प्रशिक्षणांच्या हकिकती ऐकल्या आहेत. सभागृह, खुर्च्या, भिंतीवर चित्रे, चहा, सही. शारीरिक विकासाचा तास आला की कुणीतरी पुस्तिकेतले वाचून दाखवायचे: 'स्थूल स्नायूंचा विकास', 'सूक्ष्म स्नायूंचा विकास'. बायकांनी ते वहीत उतरवून घ्यायचे. एकदा एका प्रशिक्षकाने उत्साहाच्या भरात "चला, सगळ्याजणी बेडूकउड्या मारा" म्हटले, तेव्हा साऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि एकही उठली नाही. त्यावर "ह्यांना शिकायचेच नाही," असा शेरा त्याने मारला म्हणे.

मला ह्या शेऱ्याची चीड येते. ज्या बाईला बाराव्या वर्षी "आता उड्या मारू नकोस, मोठी झालीस" असे घरून बजावले गेले, तिला पंचेचाळिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, साडी नेसून, परक्या पुरुषासमोर बेडूकउडी मारायला सांगायची आणि ती उठली नाही म्हणून तिलाच नावे ठेवायची, हे कोणते शिक्षणशास्त्र? तिच्याकडून जे आपण मागतो आहोत ते तिच्याकडून कधीच काढून घेतलेले आहे. ते तिला आधी परत द्यावे लागेल.

आणि ते परत देण्याची सोय आपल्याकडे आहे. ह्याच बायका नागपंचमीला फेर धरतात, फुगडी घालतात, झिम्मा खेळतात. (मंगळागौर आमच्या आळीत नव्हती, आमचे सारे खेळ नागपंचमीचे.) फुगडी म्हणजे काय? हातांची अढी घालून, मागे रेलून, एकमेकींच्या वजनावर तोल पेलणे. बसफुगडीत उकिडवे बसून आळीपाळीने पाय पुढे फेकायचे असतात. मांड्यांची ताकद आणि तोल दोन्ही तिथे लागतात. झिम्म्यात टाळी, पाऊल आणि गिरकी एका ठेक्यात बसवावी लागते. पुस्तिकेतले 'समन्वय' नावाचे प्रकरण ते हेच. प्रशिक्षण इथून सुरू करावे. सेविकेने आधी फुगडी घालावी, मग तिला विचारावे, "तुझे वजन आत्ता कुठे होते? पाय कसे होते? चार वर्षांच्या मुलीला हे शिकवायचे तर आधी काय करशील?" तिला जे शरीराने येते त्याला शब्द मिळाले की ती शिकवू शकेल. गुडघे दुखणाऱ्या बाईने उडी मारून दाखवण्याचीही गरज नाही. चुकते कुठे हे पाहणारा डोळा तिच्यापाशी असला तरी काम होते.

ह्यात मी नवे काही सांगत नाही. माँटेसोरीबाईंच्या बालशाळेत जमिनीवर आखलेल्या रेषेवरून मुले तोल सावरत चालत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी आदिवासींच्या पाड्यापर्यंत नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे हालते-फिरते तिथे शिक्षिकेने जायचे, हा धडा महाराष्ट्राने देशाला दिला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले खरे. पण ज्यांना अंगणच नाही, अशा एका खोलीतल्या अंगणवाड्या मी पाहिल्या आहेत. तिथे 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही एकच कवायत चालते, आणि जागेचा विचार केला तर सेविकेला तरी दोष कसा द्यावा?

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अभ्यासानुसार निरोगी मुले साधारणपणे अठरा महिन्यांच्या आत आधाराविना चालू लागतात. एखादे मूल त्यानंतरही चालत नसेल, किंवा चार वर्षांचे मूल जिना चढताना एकच पाय पुढे टाकत असेल, तर ते घराबाहेर पहिल्यांदा लक्षात येणार कुणाच्या? सेविकेच्याच. पण हालचालीकडे पाहायला तिला शिकवलेले असेल तर! नाहीतर "आळशी आहे, चालेल हळूहळू" म्हणत मोलाची वर्षे निघून जातात. इथे प्रश्न एका मुलाच्या सबंध आयुष्याचा असतो.

"सेविकेवर आधीच किती कामे!" असा आक्षेप कुणी घेईल. तो अगदी रास्त आहे. वजने, आहार, लसीकरण, गृहभेटी, सर्वेक्षणे, शिवाय २०२१ पासून पोषण ट्रॅकरवरच्या नोंदी. २०१८ साली केंद्राने आपल्या वाट्याचे मानधन सेविकेला साडेचार हजार आणि मदतनिसाला सव्वादोन हजार केले. राज्याची भर वेगळी. एवढ्यावर काम करणाऱ्या बाईला आणखी एक रजिस्टर द्यावे असे मी म्हणणार नाही. उलट एक रजिस्टर काढून घ्या आणि तो वेळ मैदानात द्या. बीटच्या मासिक बैठकीतला एक तास खुर्च्या बाजूला सारून घालवला, तर वर्षातून एकदाच्या सभागृहापेक्षा तो कितीतरी फळेल. ह्या तासाला मदतनिसांनाही बोलवावे. मुलाचे बोट धरून चालवणारी बहुधा तीच असते, आणि प्रशिक्षणाच्या यादीत तिचे नाव शेवटी येते.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात असते. त्यातली एक सकाळ जिमखान्याच्या सरांनी आणि आम्हा खेळाडू मुलींनी आसपासच्या सेविका-मदतनिसांसाठी द्यावी. साहित्य म्हणाल तर खडूचा एक डबा, सुतळी, आणि जुन्या लुगड्यांचे गुंडाळून केलेले चेंडू. आईला मी ही कल्पना सांगितली. ती म्हणाली, "कर की. फक्त बुधवार सोडून ठेव, बुधवारी लसीकरण असतं."