परके गाणे आणि आपले कर्णे

सुरतेत एखाद्या चिमुकल्या दिवाणखान्यात कोणी कर्ण्याविना, नुसत्या गिटारवर ब्लूज गाऊ लागला, की आमच्यातील काही संस्कृतिरक्षकांच्या कपाळास आठ्या पडतात. हे गाणे परधर्माचे, सबब देवळात वाढलेल्या कानांस वर्ज्य, असा त्यांचा निवाडा! तो आम्हांस मुळीच मान्य नाही. अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांनी हे गाणे घडविले. त्यांतला अंध ब्लाइंड विली जॉन्सन तर भक्तिगीतेच गाई. १९२७ साली मुद्रित झालेल्या त्याच्या एका गीतात शब्दच नाहीत, केवळ गुणगुणणे आणि गिटारचा विलाप. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून जी ध्वनिमुद्रिका अंतराळी धाडली, तीत हे गीत आहे आणि गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. सुरश्रींची भैरवी ज्याच्या पंक्तीस बसली, तो आमच्या सोवळ्यास चालत नाही! आणि हेच रक्षक उत्सवात आरतीला असे कर्णे लावतात, की टाळ कोणता नि मृदंग कोणता हे उमजू नये. मूठभर श्रोत्यांपुढे उघड्या गळ्याने गाणे ही तर आपल्या सभामंडपाची जुनी रीत. ती आज परका पाळतो आहे. त्यास हाकलण्याआधी देवळाच्या खांबांवरचे कर्णे कोण उतरविणार, तेवढे या मंडळींनी सांगावे.