संयोजक पेशींचे रहस्य

एखाद्या मोठ्या पेढीच्या प्रत्येक शाखेत संपूर्ण खातेवहीची नक्कल असावी आणि तरीही प्रत्येक शाखेने आपापलेच पान उघडावे, अशी काहीशी व्यवस्था प्राणिदेहात असते. डोळ्याची पेशी असो वा हाडाची, दोहोंतील जनुकांचा संच जवळजवळ एकच असतो. मग कोणत्या पेशीने कोणते पान उघडायचे, हे ठरवते कोण? या प्रश्नाच्या उत्तराकडे जाणारी वाट सुमारे शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे एका तरुण विद्यार्थिनीच्या हातून मोकळी झाली.

हिल्डे मँगोल्ड या प्राध्यापक हान्स श्पेमान यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होत्या. अभ्यासाचा जीव होता न्यूट. रूपाने पालीसारखा, पण बेडकाप्रमाणे उभयचर. त्याचा भ्रूण मोहरीच्या दाण्याएवढा असतो. काचेच्या अतिसूक्ष्म सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास, एवढ्याच साधनांनी त्या भ्रूणावर काम करावे लागे. मँगोल्ड यांनी फिकट रंगाच्या जातीच्या भ्रूणातून, जेथून पेशी आत वळू लागतात त्या ठिकाणचा लहानसा तुकडा घेतला आणि गडद रंगाच्या जातीच्या भ्रूणात पोटाच्या बाजूस बसविला. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. बहुतेक भ्रूण दगावत. ज्ञानासाठी मोजलेली ही किंमत नजरेआड करण्याजोगी नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात अवघ्या सहा भ्रूणांचे सविस्तर वर्णन आहे.

त्या भ्रूणांनी जे दाखविले, ते मात्र विलक्षण होते. पोटाच्या बाजूस दुसरा भ्रूण आकार घेऊ लागला होता. त्याला स्वतःचा पाठीचा कणा आणि मज्जारज्जू यांचा आरंभ होता. पेशींच्या रंगावरून आणखी एक गोष्ट उघड झाली. या दुसऱ्या देहाचा मोठा भाग बसविलेल्या तुकड्याचा नव्हता, तर यजमान भ्रूणाच्याच पेशींचा होता. ज्या पेशी एरवी पोटाची त्वचा झाल्या असत्या, त्याच शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मज्जारज्जू झाल्या होत्या. श्पेमान यांनी त्या तुकड्याला ‘संयोजक’ हे नाव दिले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वयंपाकघरात भडका उडून हिल्डे मँगोल्ड भाजल्या आणि त्यातच त्यांचे निधन झाले. वय पंचवीस, मागे तान्हे मूल. १९३५ चे नोबेल पारितोषिक श्पेमान यांना एकट्यांना मिळाले. तरीही जीवशास्त्राच्या पुस्तकांत त्या प्रयोगापुढे आज दोघांचीही नावे लिहिली जातात.

संयोजक शेजारी पेशींना नेमके काय सांगतो, हा प्रश्न पुढे जवळजवळ सात दशके अनुत्तरित राहिला. मृत संयोजकानेही तोच परिणाम होतो, असे दिसल्यावर संशोधक अधिकच गोंधळले. उत्तर मिळाले ते बेडकाच्या भ्रूणात. १९९२ साली कॅलिफोर्नियात रिचर्ड हारलँड यांच्या प्रयोगशाळेला ‘नॉगिन’ आणि १९९४ साली एडी डी रॉबर्टिस यांच्या प्रयोगशाळेला ‘कॉर्डिन’ ही प्रथिने सापडली. संयोजकातील पेशी ही प्रथिने बाहेर सोडतात, हे कळले. पण त्यांचे कार्य अपेक्षेहून वेगळे निघाले.

‘मज्जारज्जू हो’ अशी आज्ञा ती देतच नाहीत. भ्रूणाच्या बाह्य थरात ‘बीएमपी’ नावाचा संकेत फिरत असतो. हाडांच्या अभ्यासात प्रथम सापडल्यामुळे त्याच्या नावातच ‘हाड घडविणारे प्रथिन’ असा अर्थ आहे. भ्रूणात मात्र हाच संकेत पेशींना त्वचा होण्यास सांगतो. नॉगिन आणि कॉर्डिन त्याला वाटेतच धरून ठेवतात. तो संकेत पोहोचला नाही की, मेंदू आणि मज्जारज्जू घडविण्याची जी क्षमता त्या पेशींत मुळातच असते, ती प्रकट होते. संयोजक नवे काही देत नाही. तो अडथळा दूर करतो.

न्यूटच्या देहात हीच किमया प्रौढ वयातही दिसते. त्याच्या डोळ्यातील भिंग काढले, तर नवे भिंग तयार होते. ते बुबुळाच्या वरच्या कडेच्या पेशींपासूनच होते. खालची कड तशीच राहते. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी खालच्या कडेतील बीएमपीचा संकेत अडविला आणि तेथूनही भिंग वाढू लागले. क्षमता त्या पेशींतही होती. ती केवळ दबलेली होती.

हे नाटक केवळ पाणथळीतल्या जीवांचे नाही. हाताचे बोट वाकवून पाहावे. गर्भात बोटाचे हाड घडताना सांध्याच्या जागी नॉगिन हाडाचा संकेत रोखून धरते, म्हणूनच बोटाला पेर मिळते. नॉगिनच्या जनुकात दोष असलेल्या काही कुटुंबांत बोटांचे सांधे जन्मतःच जुळलेले असतात. याहून कठोर असा एक अतिदुर्मीळ आजार आहे. त्यात बालपणापासून स्नायूंच्या जागी हळूहळू हाड तयार होऊ लागते आणि देह जखडत जातो. त्याचे मूळ २००६ साली सापडले. बीएमपीचा संकेत ग्रहण करणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातच तो दोष होता. हा अनावर संकेत आवरण्याच्या दिशेनेच आता उपचारांचा शोध चालू आहे. समाधानाची बाब ही की, मूलपेशींपासून प्रयोगशाळेच्या बशीत वाढविलेल्या पेशीपुंजांवर आज यांपैकी काही प्रश्नांचा अभ्यास होऊ शकतो. प्रत्येक वेळी जिवंत भ्रूणाकडे वळावे लागत नाही.

पुन्हा अवयव घडविण्याची शक्ती बाहेरून पुरविणारे औषध कोणी विकू लागला, तर सहा भ्रूणांची ही कथा आठवावी. देह घडतो तो केवळ वाढीच्या बळावर नव्हे. कोठे थांबायचे, हे पेशींना वेळेवर कळावे लागते. मिटणाऱ्या मुठीतील प्रत्येक पेर हे त्या थांबण्याचेच फळ आहे.