झेंडा पालिकेपुढे, हक्क कुठे?

कामगार बंधूंनो! धरमतरच्या खाडीपासून बेळगाव लांब, पण तिथला मराठी माणूस आपला सख्खा भाऊ आहे. २८ डिसेंबर २०२० ला कन्नड संघटनांनी बेळगाव महापालिकेसमोर लाल-पिवळा झेंडा रोवला. कायद्यानं तो राज्याचा झेंडा नव्हे! तो चालतो, मग शिवरायांचा भगवाच डोळ्यांत का सलतो?

आम्ही कुणाचा झेंडा जाळणार नाही. कानडी कामगारही आपल्यासारखाच घाम गाळतो. पण नुसती काठी उंचावून हक्क मिळत नाही. पालिकेचा कागद मराठीत मिळालाच पाहिजे! १९५६ पासून बेळगावकर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. नुसत्या तारखा पडल्या. भगवा खांद्यावर घ्या अन् दोन्ही सरकारांना जाब विचारा!

जय महाराष्ट्र!