आडनाव काय आपलं?

विकत घेतलेल्या वस्तूचे आपण मालक असतो, असा माझा पन्नाशी उलटेपर्यंत समज होता. छत्री माझी असेल तर ती मी पावसात उघडीन, उन्हात उघडीन, नाहीतर एस.टी.त विसरून येईन. छत्रीनं मला आजवर "आपण कुठले?" म्हणून विचारलेलं नाही. हा माझा भाबडा समज आमच्या नेटबुकानं घालवला.

नेटबुक म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. २००७ साली असूस कंपनीनं सात इंची पडद्याचा एक चिमुकला संगणक काढला आणि पुढची दोन-तीन वर्षं सगळ्यांनीच तसली पिल्लं बाजारात सोडली. २००९ मध्ये मी त्यांतलंच एक घेतलं. पोटात विंडोज एक्सपी. ८ एप्रिल २०१४ रोजी त्या एक्सपीला जन्मदात्यांनीच वाऱ्यावर सोडलं. नेटबुक धडधाकट होतं, पण जो तो म्हणे, "द्या आता भंगारात." ज्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा टाकत नाहीत, तिथं चालता संगणक कोण टाकील?

भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स घालू. फुकट असतं." शेवटचा शब्द मला पटला. लिनक्स उत्तम चालू लागलं. एकच खोड राहिली. झाकण मिटलं की यंत्र झोपायचं आणि उघडलं की उठायचं नाही. आमच्या घरात हा गुण आधीपासून आहे, पण त्यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यायची गरज नव्हती. कंपनीला फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "ती सिस्टिम आम्ही सपोर्ट करत नाही, सर."

मग भाच्यानं मला जे सांगितलं, ते ऐकून माझं डोकं फिरलं.

बटण दाबलं की यंत्रात आधी फर्मवेअर जागं होतं. ते नंतर येणाऱ्या प्रणालीच्या हाती काही तक्ते देतं : पंखा इथं, बॅटरी तिथं, झाकण मिटलं हे असं ओळखायचं. भाडेकरूला घर दाखवावं तसं. या व्यवस्थेचं नाव एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या डिसेंबरात ती मांडली. इथवर ठीक. पण त्यातल्या डीएसडीटी नावाच्या मुख्य तक्त्यात नुसती यादी नसते, छोटे छोटे प्रोग्रॅमही असतात. आणि ते येणाऱ्याला विचारतात, "आपण विंडोज का? कुठल्या सालची?" उत्तर मिळेल त्याप्रमाणे वागणूक!

म्हणजे घरमालकानं नळ कुठं आहे ते सांगण्याआधी आडनाव विचारायचं! आता शहरात खोली शोधणारा माणूस काय करतो? ट्रंकेत सुके बोंबील असले तरी "छे छे, आम्ही कांदासुद्धा खात नाही" म्हणतो. लिनक्सही तेच करतं. प्रत्येक विंडोजच्या नावाला ते बेधडक "हो, मीच" म्हणतं. आणि "तू लिनक्स का?" असं विचारलं तर एरवी "नाही" म्हणतं! स्वतःचं नाव नाकारल्याशिवाय ज्याला नळ सापडत नाही, त्या बिचाऱ्याला मी खोटारडा कसा म्हणू?

भाच्यानं तक्ता बाहेर काढला, इंटेलच्याच फुकट साधनानं वाचता येईल असा उलगडला आणि नावाची चौकशी करणाऱ्या दोन ओळी बदलल्या. पुन्हा बांधायला घेतला, तर कंपनीच्या मूळ मजकुरातच डझनभर चुका निघाल्या. मास्तरांचाच पेपर नापास! त्या दुरुस्त केल्या, आवृत्तीचा आकडा एकानं वाढवला आणि यंत्र सुरू होताना आधी आमचा तक्ता वाचला जाईल अशी सोय केली. मूळ चिपला हातसुद्धा लावला नाही. झाकण उघडलं. यंत्र उठलं. सौ. म्हणाली, "या घरात कुणीतरी उठलं."

तुम्ही म्हणाल, जगातली प्रत्येक प्रणाली कंपनीनं का म्हणून तपासावी? नकोच तपासायला. माझं मागणं साधं आहे. तक्त्यानं यंत्राची माहिती सांगावी, पाहुण्याची कुंडली मागू नये. आणि कंपनी हात वर करील त्या दिवशी तो तक्ता वाचता येईल अशा स्वरूपात मालकाच्या हाती द्यावा. मालक म्हणजे मी. पावती माझ्याकडे आहे.

हे सारं नजरचुकीनं होतं असंही मला कुणी सांगू नये. १९९९ च्या जानेवारीत खुद्द बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना ई-मेल पाठवून विचारलं होतं, की एसीपीआयचे हे विस्तार कसेतरी विंडोजपुरतेच ठेवता येणार नाहीत का? पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका खटल्यात तो मजकूर बाहेर आला. त्यावरून एवढंच सिद्ध होतं, की ती इच्छा मनात येऊन गेली होती. पण घरमालकाच्या मनात काय आहे, हे भाडेकरूला कळलेलं बरं.

आणि हा माझ्या एका पिल्लाचा प्रश्न नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही नेहमीची देखभाल थांबली. पुढचं ११ ज्यांच्यावर अधिकृतपणे चढत नाही, अशी धडधाकट यंत्रं घरोघर आहेत. ती सगळी भंगारात द्यायची? प्रत्येकाला कुठं भाचा असतो?

परवा नळ दुरुस्त करायला नवा माणूस आला. दार उघडलं आणि सवयीनं तोंडातून निघालंच होतं, "आडनाव काय आपलं?" जीभ चावली आणि त्याला मुकाट्यानं नळ दाखवला.

नळ त्यानं उत्तम केला.