आठ मोटारींची एक बंडी

जाम चौरस्त्यावर नागपूरहून आलेली वाहनांची रांग दोन धारांत फुटते. एक धार हिंगणघाटवरून हैदराबादकडे उतरते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे वळते. हिवाळ्यातल्या एका सकाळी तिथल्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी एक तरुण पॅडला कागद लावून बसला होता. प्रत्येक वाहनाला एक उभी रेघ, पाचव्याला चारींना छेदणारी आडवी. मोटार, ट्रक, बस, दुचाकी असे वेगवेगळे रकाने होते. कागदाकडे पाहत एक शेतकरी म्हणाले, "हे अमेरिकेत ठीक हाय. आपल्या इकडं बैलबंडी मधात येते. बैलाले गणित समजते का जी?"

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. पण त्या हसण्यात एक मत दडलेलं आहे आणि ते चुकीचं आहे. त्याच्या अगदी उलट टोकाचं एक मत कार्यालयांतही रुजलेलं आहे. तेही तितकंच चुकीचं आहे. दोन्ही मतांचा समाचार घ्यायलाच हवा, कारण या दोघांच्या मधोमध आपल्या वर्धा जिल्ह्याचे रस्ते आखले जातात.

आधी टपरीचा पूर्वपक्ष. तो असा: परदेशात वाहनं आपापल्या पट्ट्यातून शिस्तीत चालतात, म्हणून तिथं सूत्रं चालतात. आपल्याकडे ट्रक, ट्रॅक्टर, दुचाकी, गुरं, बंडी सगळ्यांची खिचडी. खिचडीला कसलं आलंय सूत्र?

उत्तर असं की खिचडीचाही हिशेब मांडून ठेवलेला आहे, आणि तो आपल्याच देशात. इंडियन रोड्स काँग्रेसनं ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेसाठी 1990 साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात प्रत्येक वाहनाचं 'मोटारीत' रूपांतर केलेलं आहे. एक मोटार म्हणजे 1. दुचाकी 0.5, ट्रक किंवा बस 3, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर 4.5. आणि बैलबंडी? 8. रस्त्यावरची एक बंडी आठ मोटारींइतकी जागा आणि वेळ अडवते, असा त्याचा अर्थ. टपरीवर जिला गणिताबाहेर काढलं, ती बंडी गणिताच्या कोष्टकात सगळ्यांत वजनदार आकडा घेऊन बसलेली आहे. बैलाला गणित समजण्याची गरजच नाही. गणिताला बैल समजला की पुरे.

हाच पूर्वपक्ष जरा शिकलेल्या तोंडून असाही येतो: माणसं आपापल्या मर्जीनं गाडी हाकतात, मर्जीचं गणित कसं होणार? एकट्या माणसाचं होत नाही, हे खरं. पण पाण्याचा एकेक थेंब कुठं जाईल हे न सांगताही पुलगावला पूर किती वाजता येईल याचा अंदाज बांधता येतोच ना? ही नुसती उपमा नाही. लाइटहिल आणि व्हिटम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी 1955 साली दोन भागांचा निबंध लिहिला. पहिला भाग लांब नद्यांमधल्या पुरावर, दुसरा लांब रस्त्यांवरच्या गर्दीवर. गणित दोन्हीकडे एकच. मधल्या टप्प्यात कुठं फाटा नसेल, तर जितकी वाहनं आत शिरली तितकी एक तर बाहेर पडली किंवा आत साचली. हे नाकारायला गणित नव्हे, साधा व्यवहारच नाकारावा लागेल. फरक एवढाच की पुराची लाट खाली सरकते, तर दाट वाहतुकीतल्या कोंडीची लाट मागं सरकते. पुढं बंडी रस्ता सोडून शेतात वळली तरी मागचा ट्रकवाला अजून ब्रेकवरच असतो, तो याच लाटेमुळे. त्याला अडवणारं डोळ्यांपुढं काहीच नसतं.

म्हणजे टपरीचं मत फेटाळलं. आता कार्यालयाचं मत. ते म्हणतं: मोजणी झाली, आकडा आला, आकडा सांगतो तसं करा. रस्ता रुंद करायचा की नाही, हे आता मताचं राहिलं नाही. गणितानं निकाल दिला.

हे मत जास्त घातक आहे, कारण ते गणिताच्या वेशात येतं. त्याच्यावर माझे आक्षेप तीन.

पहिला: नुसती संख्या रस्त्याची तब्येत सांगत नाही. अमेरिकेत ब्रूस ग्रीनशील्ड्सनं 1930च्या दशकात ओहायोतल्या रस्त्यांवर कॅमेरा लावून एक सोपा संबंध मांडला. किलोमीटरभरात वाहनं जितकी दाट, तितका वेग कमी. हा संबंध सरळ रेषेचा धरणं फार ढोबळ आहे हे खरं, पण मुद्दा समजायला पुरेसं. समजा मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी 60 किलोमीटर आहे आणि ठप्प कोंडीत किलोमीटरला 120 वाहनं मावतात. किलोमीटरला 30 वाहनं असतील तर वेग 45. तासाला 1,350 वाहनं पार. किलोमीटरला 90 असतील तर वेग 15. तासाला पार पुन्हा 1,350 च! एक रस्ता खुशाल वाहतो आहे, दुसरा गुदमरतो आहे, आणि कडेला बसून रेघा ओढणाऱ्याच्या कागदावर दोन्हींचा आकडा एकच. वेग मोजला नाही तर संख्या मुकी राहते.

दुसरा आक्षेप: मोजलं केव्हा? समजा साडेपाच मीटर रुंदीचा एक तालुक्याचा रस्ता आहे. सपाट, सरळ मुलखात अशा रस्त्याची दिवसाची क्षमता वरच्याच मार्गदर्शिकेत 6,000 मोटार-एककं धरली आहे. जुलैत मोजलं: 3,000 दुचाकी, 1,000 मोटारी, 500 ट्रक-बस. हिशेब 1,500 अधिक 1,000 अधिक 1,500, म्हणजे 4,000. रस्ता पास. आता वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा होऊन कापूस घरात यायला लागला. शीग भरलेल्या ट्रॉल्या, वर ताडपत्री, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, जिनिंगच्या आणि बाजार समितीच्या वाटेला लागल्या. जुलैच्या आकड्यात 300 ट्रॉल्या आणि 150 बंड्यांची भर घाला. वाहनं वाढली फक्त 450, म्हणजे दहा टक्के. भार वाढला 1,350 अधिक 1,200, म्हणजे 2,550, एकूण 6,550. दहा टक्के वाहनांनी चौसष्ट टक्के भार वाढवला, आणि पास झालेला रस्ता नापास झाला. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्यांतला धडा हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या कोणत्याही शेतकऱ्याला ओळखीचा आहे.

आणि हे सरकारी कागदांना ठाऊक नाही असंही नाही. ग्रामीण भागातल्या वाहतूक मोजणीची इंडियन रोड्स काँग्रेसची 1972 सालची पद्धत स्पष्ट सांगते: वर्षातून दोनदा मोजा, एकदा सुगी आणि बाजाराच्या ऐन हंगामात, एकदा मंदीत, प्रत्येक वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. शास्त्रानं सुगी वगळलेली नाही. ती वगळली जाते तेव्हा वगळतो तो सोयीनं मोजणारा.

तिसरा आक्षेप भविष्याचा. रस्ता आजच्यासाठी नव्हे, पुढल्या पंधरा-वीस वर्षांसाठी बांधतात. म्हणून वाहतूक दरवर्षी किती टक्के वाढेल हे गृहीत धरावं लागतं. वर्षाला 5 टक्के धरले तर पंधरा वर्षांत वाहतूक दुप्पट होते. 7.5 टक्के धरले तर जवळजवळ तिप्पट. अडीच टक्क्यांच्या फरकात रस्त्याचा एक आख्खा पदर आणि त्याच्याखालची जमीन जाते. ते अडीच टक्के गणितातून येत नाहीत. ते कुणीतरी ठरवलेले असतात. गृहीतकाला निकालाचा मान देणं ही लबाडी आहे, मग ती कितीही दशांशचिन्हांत लिहिलेली असो.

आपल्या जिल्ह्याला या प्रश्नाची धग जवळून लागते. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. त्याचे येळाकेळी आणि विरुळचे इंटरचेंज आपल्याच जिल्ह्यात आहेत. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलेला शक्तिपीठ महामार्ग सुरू होतो तो पवनारपासून. 'समृद्धीवर तर गाड्याच दिसत नाहीत' हा टपरीवरचा युक्तिवाद कच्चा आहे. पंधरा वर्षांचा अंदाज एका दुपारी खोटा ठरत नाही. पण 'अभ्यासानं गरज सिद्ध झाली' हा युक्तिवादही तितकाच कच्चा, जोवर वाढीचा दर कोणता धरला आणि समांतर जुन्या रस्त्यावरून किती वाहनं टोल भरून इकडे वळतील असं मानलं, हे सोबत सांगितलं जात नाही.

इथवर खंडन झालं. मंडन असं: गणित हवंच, पण ते आधी मोजण्यानं आणि मग चुकीच्या कबुलीनं पक्कं व्हावं.

बंडीचे ते 8 सुद्धा वेदवाक्य नाहीत. रुंद रस्त्यावर, पक्की साइडपट्टी असेल तर बंडी तितकी अडवत नाही. अरुंद पुलावर ती आठांहून जास्त अडवेल. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं 2017 साली भारतीय रस्त्यांसाठी स्वतंत्र क्षमता-पुस्तिका तयार केली, ती जुने ठोकताळे आपल्या रस्त्यांवर पुन्हा तपासायची गरज होती म्हणूनच. प्रतिमान चुकतं म्हणून ते टाकायचं नसतं. किती चुकतं ते लिहून दुरुस्त करायचं असतं. '6,550' पेक्षा 'सहा ते सात हजारांच्या दरम्यान' हा आकडा जास्त प्रामाणिक आहे, आणि जास्त उपयोगी.

मोजणीत आणखी एक रकाना वाढायला हवा: रस्ता आडवा ओलांडणाऱ्यांचा. सगळी सूत्रं रस्त्याच्या लांबीच्या दिशेनं बोलतात. पण गावाचं आयुष्य आडवं चालतं. घर इकडं, वावर तिकडं. शाळा इकडं, बसथांबा तिकडं. ओलांडणारे मोजलेच नाहीत तर रुंदीकरणाचा फायदा कागदावर नेहमीच जास्त दिसणार, कारण तोटा ज्याला होतो तो हिशेबातच नाही.

ही मागणी वर्ध्याला नवी वाटू नये. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम मगनवाडीतून पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी पुढे मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारसाठी खेड्यांच्या उद्योगांची पाहणी केली, ती खेडोपाडी मोजणी करून. मोजणं हे त्यांच्या लेखी खेड्याच्या विरोधातलं हत्यार नव्हतं. खेड्याच्या बाजूनं उभं राहण्याची ती पहिली पायरी होती.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या फाट्यावर पॅड घेऊन कुणी बसलेलं दिसलं, तर हसू नका आणि मानही डोलवू नका. त्याला चहा पाजा आणि चार प्रश्न विचारा: किती दिवस मोजणार? कापसाच्या दिवसांत पुन्हा येणार का? वेग कोण मोजतंय? आणि कागदावर बोट ठेवून चौथा: यात बंडीचा रकाना कुठाय? जामच्या त्या तरुणाच्या कागदावर तो नव्हता. मी विचारलं तेव्हा त्यानं 'इतर' असं लिहिलेल्या रकान्यावर पेन टेकवलं.