पदकापलीकडील प्रपंच

घरची सुबत्ता किंवा पिढीजात उद्योगधंदा पाठीशी नसेल तर मुलाला खेळाच्या व्यवसायात घालू नका, असा सल्ला पुल्लेला गोपीचंद यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत पालकांना दिला आणि तो अनेकांना झोंबला. एखाद्या वैफल्यग्रस्ताचे उद्गार म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु गुडघ्यावरील शस्त्रक्रियांनंतर जिद्दीने उभे राहून ज्यांनी २००१ साली ऑल इंग्लंड अजिंक्यपद मिळविले, तत्त्वासाठी शीतपेयाची जाहिरात नाकारली आणि बॅडमिंटनची प्रबोधिनी उभारताना राहते घर गहाण टाकले, त्यांचे हे शब्द आहेत. सायना नेहवालचे २०१२ चे ऑलिंपिक कांस्य आणि सिंधूचे २०१६ चे रौप्य त्यांच्याच तालमीत घडले.

असा मनुष्य असे का बोलतो? १९५६ साली नंदू नाटेकरांनी क्वालालंपूर येथे स्पर्धा जिंकून परदेशी अजिंक्यपद प्रथमच भारतात आणले, तेव्हा बॅडमिंटन ही हौस होती. पोटाची चिंता नोकरी वाही. आज हा खेळ खेळाडूचा सारा दिवस आणि सारे तारुण्य मागतो. हौशीपण गेले, त्या जागी व्यवसायाचे स्थैर्य मात्र आले नाही. एकेका सामन्यात पिसांची अनेक फुले निकामी होतात. शिकवणी, आहार, प्रवास यांचा भार घरच्यांवर पडतो. पहिल्या मोजक्या खेळाडूंखेरीज इतरांचा प्रपंच बक्षिसांवर चालत नाही. पुढे तिशीच्या आसपास गुडघा जबाब देतो, तेव्हा हाती ना पदवी असते, ना दुसरी विद्या.

तथापि गोपीचंद यांचा इशारा शिरोधार्य मानूनही आम्ही त्याचा अर्थ रॅकेट माळ्यावर टाकावी असा करणार नाही. तसे झाल्यास खेळ ही धनिकांची मिरास ठरेल आणि गुणवत्तेचा मोठा साठा वाया जाईल. हा इशारा पालकांइतकाच शासन, विद्यापीठे आणि क्रीडासंघटना यांनाही आहे. विद्यापीठांनी खेळाडूच्या सवडीने परीक्षा घ्याव्यात. संघटनांनी दुखापतीचा विमा उतरवावा आणि निवृत्तांना मार्गदर्शकाचे रीतसर शिक्षण द्यावे. शासनाने पदक न मिळविणाऱ्यांचीही दखल घ्यावी. शिखरावरील एकासाठी पायथ्याशी शेकडोंनी घाम गाळलेला असतो. विजेत्याच्या मिरवणुकीत सारा समाज सामील होतो. पराभूताच्या उदरनिर्वाहाची जबाबदारी तेवढी त्याच्या आईबापांची, हा न्याय नव्हे.